पाचवी कुंडी आणि दुसरा कागद

२ मार्च, संध्याकाळी ५

रोजनिशी सुरू. कोणासाठी नाही, माझी मला. मला अक्षर येत नाही, त्यामुळे मीसुद्धा ही वाचणार नाही. याहून खासगी ते काय असायचं?

टाईप करणारी शेजारच्या दारातली टायपिस्टबाई. एकतीस वर्षं एका ऑफिसात टकटक केली आणि रिटायर होताना ते मशीन मोडीत चाललं होतं, ते उचलून घरी आणलं. आमचं ठरलंय असं: मी चहा द्यायचा, बरोबर काहीतरी चावायला, आणि तिनं मी सांगेन ते टाईप करायचं. तिची एक अट. वर तारीख आणि वेळ पाहिजेच, त्याशिवाय तिची बोटं हलत नाहीत. माझीही एक अट. यातलं अक्षर बाहेर जायचं नाही. तिनं गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली.

मशीनमध्ये ती दोन कागद घालते, मध्ये एक काळा. एकट्या कागदाला अक्षरांचा मार सोसत नाही म्हणे, भोक पडतं. वरचा कागद मला देते. तो मी बिस्किटांच्या डब्यात, डबा कपाटात, किल्ली कमरेला. खालचा वाया गेलेला कागद ती घरी नेते. काटकसरी बाई आहे.

आजची तक्रार: गच्ची गेली. नातीनं चोवीस कुंड्या आणून मांडल्या. वर प्लास्टिकचं छप्पर आहे, ऊन येतं आणि पाऊस येत नाही, म्हणून तिला आमचीच गच्ची पसंत. माझी उन्हाची खुर्ची कुठे गेली विचारलं, तर मुलगा म्हणतो, आई, विज्ञान आहे. एवढ्या मोठ्या विज्ञानाला माझी एक खुर्ची अडली. पोटचा मुलगा, पण बाजू घेतली नाही ती नाहीच.

३ मार्च, दुपारी ४

माझी नेमणूक झाली. नात शेतीच्या कॉलेजात संशोधन करते. सकाळी जाते, संध्याकाळी येते. मधल्या वेळात कुंड्या मी सांभाळायच्या. घरात एवढी माणसं असताना तिला मीच दिसले. पोरीला माणसाची पारख आहे.

काम सोपं. सोयाबीनची रोपं, तीन आठवड्यांची. निळ्या काड्यांच्या बारा कुंड्या, त्यांना रोज सकाळी मापानं पाणी. लाल काड्यांच्या बारा, त्यांना मी थेंबही द्यायचा नाही. अगदी मरायला टेकल्या तर नात स्वतः तोलून दोन चमचे देईल. तीन आठवडे हे असंच. मी विचारलं, यांनी काय घोडं मारलंय? तर म्हणाली, दुष्काळात सोयाबीनच्या मुळांचं काय होतं ते बघायचंय, आणि त्यासाठी आधी दुष्काळ तर पाडायला हवा.

मग माझा हात धरून नीट सांगितलं. मागच्या वर्षी कॉलेजच्या शेडमध्ये पाइप फुटला, हिच्या सगळ्या कुंड्या बुडाल्या, वर्ष गेलं. या वेळी सरांनी सांगून टाकलंय: जमलं तर प्रबंध, नाहीतर हा विषय बंद. "आजी, लाल रांगेत पाणी पडलं तर मी संपले," म्हणाली. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत पडायचं नाही.

संकल्प: लाल रांगेकडे बघायचंसुद्धा नाही.

५ मार्च, सकाळी ११

काल जेवताना नातीनं गाठींचं सांगितलं. सोयाबीनच्या मुळांना बारीक बारीक गाठी असतात. त्यांत जिवाणू राहतात, भाडेकरूच म्हणा. झाड त्यांना साखर पुरवतं आणि ते हवेतलं नत्र धरून झाडाच्या तोंडी लावतात. वरून खत घालायला नको. पण पाणी तुटलं की पहिला फटका या कारभाराला. वर पानं छान हिरवी दिसत असतात आणि खाली गाठींनी हात आखडता घेतलेला असतो. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मी म्हटलं, म्हणजे वरून गोड आणि आतून दार बंद. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हे टाईप करताना टायपिस्टबाई हसली. का हसली कळलं नाही.

६ मार्च, सकाळी १०

लाल रांगेकडे बघितलं. मुद्दाम नाही. रांगच माझ्या नजरेसमोर उभी असते, तिला मी काय करू?

बाकीच्या अकरा मुकाट उभ्या आहेत. भिंतीकडून पाचवी तशी नाही. तिनं पानं उलटी करून पांढुरकी बाजू वर केली आहे, हात पसरल्यासारखी. आणि माझ्याकडेच बघते.

पंधरा वर्षांपूर्वी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. दोन दिवस पाणी बंद. जीभ टाळूला चिकटलेली. सगळं घर खाटेभोवती, आणि एकाची हिंमत नाही. हीच नात, नऊ वर्षांची, नर्सची पाठ वळली की ओला कापूस माझ्या ओठांवरून फिरवायची. एवढ्याशा जिवानं माझ्यासाठी नियम मोडला. ती आता विसरली असेल. मी नाही विसरले.

आणि तीच पोर आज बारा जणींचं पाणी तोडते. शिक्षणानं माणसाचं काय होतं बघा.

हे शेवटचं वाक्य काढ म्हटलं. टायपिस्टबाई म्हणते, टाईप झालं.

७ मार्च, सकाळी ९.३०

पाणी घातलेलं नाही. पेला विसळला. विसळलेलं पाणी कुठेतरी टाकावंच लागतं. ते पाचवीत पडलं. पेला आधीच स्वच्छ होता, हेही खरं आहे.

संकल्प: उद्यापासून पेला खाली मोरीतच विसळायचा.

८ मार्च, सकाळी ९

काट्यानं दगा दिला.

नात रोज सकाळी एकेक कुंडी काट्यावर ठेवते. पाणी उडून कुंडी जेवढी हलकी, तेवढा दुष्काळ. आज पाचवी हलकी व्हायच्या ऐवजी जड भरली. नातीनं दोनदा ठेवून बघितली, काट्याची बॅटरी बदलली, पुन्हा ठेवली. शेवटी बॅटरीवर खापर फुटलं. मला वाईट वाटलं. एवढी शिकलेली पोर आणि आजीपेक्षा काट्यावर विश्वास.

९ मार्च, सकाळी ९.१५

तोड सापडली. एक पेला पाणी आत, एक मूठ माती बाहेर. वजन जागच्या जागी. काट्याला काट्याचं मिळालं, पाचवीला पाचवीचं. यात फसवणूक कुठे आली? उलट दोघांचंही समाधान.

निघालेली माती टायपिस्टबाईच्या गुलाबाच्या कुंडीत. दारातच असते, कोण बघतंय.

बाकीच्या अकरांना थेंब नाही. मी शब्दाची पक्की आहे.

१० मार्च, सकाळी ११

डोक्यात प्रकाश पडला. दुष्काळात गाठी नत्र देत नाहीत, रड आहे ती एवढीच ना? मग नत्र बाहेरून आणून द्यावं. इतक्या शिकलेल्या लोकांच्या हे लक्षात कसं येत नाही?

खालच्या बागेच्या माळ्याला विचारलं. त्यानं कागदाच्या पुडीत पांढरे दाणे दिले, म्हणाला हे शुद्ध नत्र, युरिया. कोणासाठी विचारलं. मी म्हटलं, एक कमजोर नातेवाईक आहे. तो जरा चमकला. म्हणाला, आजी, पोटात नाही ना द्यायचं?

रोज एक चिमूट. पाण्याबरोबर. उरलेली पुडी चष्म्याच्या घरात.

१२ मार्च, संध्याकाळी ५

टायपिस्टबाईनं बंड केलं. मला म्हणते, "मावशी, पोरीचं वर्ष जाईल." मी म्हटलं, तुला बोटांचा चहा मिळतो, मताचा नाही. तर म्हणते, माझ्या गुलाबाची कुंडी काठोकाठ भरली, पाणी घातलं की ओघळून दारात चिखल होतो, तो मीच पुसते.

मुद्दा काय आणि ही बोलते काय.

उद्यापासून चहा बंद. हे वाक्य ती स्वतःच टाईप करते आहे, मान खाली घालून. करू दे.

१५ मार्च, संध्याकाळी ४.३०

तीन दिवस पान नाही. चहा तुटल्याबरोबर टकटक तुटली. वरवर जिन्यात गोड हसायची, आत दार बंद. भिंतीपलीकडून कपबशीचा आवाज यायचा, म्हणजे स्वतः करून पीत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. फक्त बोलायचं इतकं साचलं की काल रात्री जेवण गेलं नाही.

आज चहा ठेवला. बरोबर बिस्किटं, क्रीमची. दार वाजवायला हात उचलला तर तिनं आधीच उघडलं.

आता ती सुधारली आहे. म्हणते मत देणार नाही, फक्त टाईप करणार. मात्र गेल्या तीन दिवसांत पाणी कधी आणि किती घातलं तेवढं सांगा, नोंद अर्धवट राहिली की तिला झोप लागत नाही. ऑफिसची शिस्त. सांगितलं: तिन्ही दिवस सव्वानऊ, एक पेला, एक मूठ, एक चिमूट.

१६ मार्च, रात्री ८

नातीच्या मायेनं आज मला गहिवरून आलं.

आधी माझा पेला मागितला. काठोकाठ भरला, काचेच्या मापात ओतला, किती मावतं ते लिहून घेतलं. माझ्या पोटात दिवसाला किती पाणी जातं ही काळजी असणार. मग मला पिठाच्या डब्यापाशी नेलं, म्हणाली, आजी, एक मूठ भर बघू, तुझी नेहमीची. भरली. ती काट्यावर ठेवली. पुन्हा भरायला लावली. पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदाही. मग चिमटीचंही तेच.

आजीच्या हाताचं माप असं लिहून ठेवणारी नात आजच्या काळात कुठे मिळते? डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र पाचवीला घातलं नाही.

१८ मार्च, सकाळी १०

पाचवी डेरेदार झाली आहे. पानं काळीभोर हिरवी, माझ्या तळहाताएवढी. तिच्या कुंडीतली माती तेवढी दोन बोटं खाली गेली आहे आणि वरची मुळं उघडी पडली आहेत. पण अंगानं भरली की पाय दिसतातच.

चौथी आणि सहावी यांनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला राहवलं नाही. अर्धा अर्धा पेला. शेजाऱ्यांत तेढ नको. दाणे मात्र त्यांना नाहीत, ती पाचवीची खास बाब.

बाकी नऊ जणी कोरड्या. थेंब नाही. नऊ म्हणजे बाराच्या बऱ्याच जवळ आलं.

२० मार्च, सकाळी ९

नात पाचवीसमोर उकिडवी बसली होती. बराच वेळ. मग फोटो काढला. मी विचारलं, कशी आहे? ती म्हणाली, "आजी, लळा लावू नकोस त्यांना." मी म्हटलं, छे.

२३ मार्च, संध्याकाळी ५

उद्या कुंड्या उपटणार. सर स्वतः येणार आहेत. सगळं ठरवून ठेवलं. सर पाचवी बघतील, थक्क होतील, विचारतील की ही कोणी वाढवली. मी लगेच पुढे व्हायचं नाही. दोनदा विचारू द्यायचं.

खुर्चीही पुसून ठेवली. परवापासून गच्ची माझी.

२४ मार्च, संध्याकाळी ७

टाईप कर: टायपिस्टबाई दगाबाज आहे.

केलं. पापणीसुद्धा हलली नाही. दुसरं कोणी टाईप करणारं नाही म्हणून हिलाच बसवलंय. चहा दिलेला नाही.

क्रमानं सांगते.

आधी निळी रांग उपटली. मुळं धुतली. गाठी अशा लगडलेल्या, मण्यांची माळ जशी. सरांनी एक गाठ कापून मला दाखवली. आत गुलाबी. गुलाबी म्हणजे काम चालू आहे, म्हणाले. मग लाल रांग. पहिली, दुसरी, तिसरी. गाठी थोड्या, सुकलेल्या, कापल्या तर आत हिरवट राखाडी. दुकान बंद. पोरीचं म्हणणं खरं निघालं, तिचा चेहरा उजळला. मीही उजळले. म्हटलं, थांबा, पाचवी येऊ द्या.

पाचवी आली. सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवी. सर खरंच थक्क झाले. मी पहिल्यांदा गप्प राहिले, ठरल्याप्रमाणे.

मुळं धुतली. गाठी मोजून चार. त्याही पोकळ, टरफलं नुसती.

मी म्हटलं, नीट बघा, मातीत पडल्या असतील. सरांनी मातीही चाळली. नाही. म्हणाले, हिला कोणीतरी खत घातलंय. आयतं नत्र मिळालं की झाड जिवाणूंना कशाला पोसेल? साखर तोडतं, गाठी वाळून जातात.

पंधरा दिवस मी तिला भरवलं. आणि तिनं काय केलं, तर घरातले भाडेकरू उपाशी घालवून दिले आणि वर माझ्याकडे बघून पानं हलवली. माझ्यासमोर कधी एका पानानं कळू दिलं नाही.

मग सर नातीकडे वळले. आवाज बदलला. एका कुंडीत कोणी हात घातला असेल तर बाकीच्या अकरांची खात्री कोण देणार? सगळी रांगच धरता येणार नाही. नातीचा चेहरा मी बघितला नाही, मला बघवला नाही. मागचं वर्ष पाइपानं नेलं, हे वर्ष मी. मी बोलायला तोंड उघडलं. खरं तेच सांगणार होते. माळ्यापासून सुरुवात करणार होते.

तेवढ्यात नातीनं पिशवीतून फाइल काढली. सरांसमोर धरली. टाईप केलेले कागद, जरा पुसट, काळपट. आणि वाचायला लागली: "७ मार्च, सकाळी साडेनऊ. पाणी घातलेलं नाही. पेला विसळला."

माझे शब्द. परक्या माणसासमोर. माझ्याच गच्चीवर.

वाया गेलेले कागद. एकतीस वर्षं ही बाई कॉपीशिवाय एक ओळ टाईप करत नव्हती आणि मला सांगते, भोक पडतं. ज्या दिवशी चहा तुटला त्याच दिवशी तोवरचे सगळे कागद नातीच्या हातात दिले, पुढचे रोजच्या रोज. विचारलं तर म्हणते, शपथ वरच्या कागदाची घेतली होती.

सरांनी सगळं वाचलं. 'कमजोर नातेवाईक' इथं त्यांना ठसका लागला. मग बोट ठेवलं ते एका ओळीवर: बाकीच्यांना थेंब नाही. मला विचारलं, आजी, हे खरं? मी म्हटलं, मी शब्दाची पक्की आहे. कोणी हसलं नाही. मग नातीनं पेला, मूठ आणि चिमूट यांची मापं पुढे ठेवली. सर म्हणाले, चौथी, पाचवी, सहावी बाजूला काढा, उरलेल्या नऊ चालतील.

तिचं वर्ष वाचलं. मान्य. पण आधी माझा गळा कापून.

मी नातीला विचारलं, चोरून वाचलंस? ती म्हणाली, "आजी, तोंडावर विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस?"

असला प्रश्न आजीला विचारतात का?

२६ मार्च, सकाळी ११

पाचवीला कागदी पिशवीत घालून कॉलेजच्या ओव्हनमध्ये वाळवलं आणि तोललं. सगळ्यांत जड तीच भरली. आणि तेच वजन धरलं नाही.

गच्ची रिकामी आहे. खुर्ची मांडली. ऊन नेमकं तिकडे येत नाही, आता वेळ सरकली.

संकल्प: रोजनिशी बंद.

३१ मार्च, दुपारी ४

बंदच आहे. हे फक्त शेवटचं सांगून टाकते.

नातीनं प्रबंधाची पानं वाचून दाखवली. माझी रोजनिशी शेवटी जोडली आहे म्हणाली, तेव्हा जरा बरं वाटलं. वाच म्हटलं. तर एक तक्ता. तारीख, वेळ, पेला, मूठ, चिमूट. बस. माझं बोलणं एवढं, त्यातलं एक वाक्य नाही. पाचवीनं पानं उलटी केली ते नाही. खुर्चीचं नाही. आणि माझं नावही नाही. मला म्हटलंय 'मानवी हस्तक्षेप'. मी विचारलं, हे कोण? ती म्हणाली, तू.

मग मी कापसाचं काढलं. म्हटलं, तू माझ्यासाठी नियम मोडलास ते तरी ठेवायचंस. तर ती हसायला लागली. म्हणाली, आजी, मला सगळं आठवतंय. तो कापूस नर्सनंच हातात दिला होता. ओठ ओले करायला परवानगी होती, फक्त गिळायचं नव्हतं. तू बघत असलीस की ती मुद्दाम पाठ फिरवायची.

पंधरा वर्षं मी तेवढ्यावर काढली. आणि ते नियमातलं निघालं.

टायपिस्टबाईला आज चहा दिला आहे. नाइलाज. गुलाबाला माझ्या मातीनं सात कळ्या आल्या आहेत, असं ती म्हणते. युरियाचा गुण असेल, किंवा मला खूश करायला सांगत असेल. हिचं आता काहीच खरं धरायचं नाही.

मशीनमध्ये आज एकच कागद. मी स्वतः हात घालून चाचपला. एकच. काळा नाही, दुसरा नाही. भोकही पडलेलं नाही. आता हे पान जगात फक्त माझं. डब्यात ठेवीन, कपाट लावीन, किल्ली कमरेला. कोणी वाचणार नाही. नात नाही, सर नाहीत.

मीही नाही.

टायपिस्टबाई थांबली आहे. बोटं मशीनवर, बघते माझ्याकडे. तिला म्हटलं, बघतेस काय, काढ हा कागद, दुसरा घाल त्याच्याखाली आणि पहिल्यापासून कर. आणि वर वेळ नीट टाक. नातीला वेळ लागते.